पीपीपीओई सोडल्यानंतर डीएचसीपी प्रॉक्सी : ग्राहकाची लीज कोणाच्या हातात असावी?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

एका तालुक्याच्या गावात आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत आम्ही फायबरवरून इंटरनेट पुरवतो. ग्राहक साधारण ६,००० आहेत. सर्व ओएलटी (घराघरांतून आलेले फायबर जिथे एकत्र येतात ती उपकरणे) गावातल्या आमच्या खोलीतल्या एका राऊटरला जोडलेल्या आहेत आणि डीएचसीपी सर्व्हर, म्हणजे ग्राहकांना आयपी पत्ते वाटणारा संगणक (त्यावर केआ हे सॉफ्टवेअर), मात्र पुण्याच्या डेटा सेंटरमध्ये आहे. मागच्या उन्हाळ्यात आम्ही पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड देऊन जोडण्याची पद्धत) बंद करून सगळ्यांना थेट आयपीवर आणले, म्हणजे पासवर्डशिवाय डीएचसीपीनेच पत्ता मिळतो. कारण अगदी घरगुती होते : वीज आली-गेली की घरातले कोणीतरी वाय-फायच्या डब्याचे रीसेटचे बटण दाबायचे, पासवर्ड पुसला जायचा आणि आमचा माणूस दुचाकीवरून वीस किलोमीटर जाऊन तो पुन्हा भरून यायचा. ते आता थांबले आहे.

नवे दुखणे असे. राऊटर सध्या साधा रिले म्हणून, म्हणजे ग्राहक आणि सर्व्हर यांच्यात निरोप पोहोचवण्याचे, काम करतो. सुरुवातीला लीज, म्हणजे दिलेला पत्ता वापरण्याची मुदत, २४ तासांची होती आणि एका जोडणीला एकच पत्ता द्यायचा, अशी मर्यादा घातलेली होती. ग्राहकाने वाय-फायचा डबा बदलला की जुन्या डब्याची लीज जागा अडवून बसायची, नव्याला पत्ता मिळायचा नाही आणि फोन यायचा. रोज आठ-दहा नोंदी हाताने पुसाव्या लागत. म्हणून लीज १० मिनिटांवर आणली. फोन थांबले, पण जुलैमध्ये घाटात रस्त्याच्या कामावरच्या जेसीबीने केबल तोडली आणि पुण्याकडचा मार्ग तुटला. आमच्याकडे इंटरनेटची दुसरी वाट आहे, ती व्यवस्थित चालू होती. परंतु डीएचसीपी सर्व्हरपर्यंत पोहोचण्याची वाट ती एकच होती. परिणामी दहा मिनिटांच्या आत गावातल्या प्रत्येक घरातला पत्ता गेला. इंटरनेट चालू आणि ग्राहकाकडे पत्ता नाही, असा प्रकार झाला. शिवाय लीज इतकी लहान केल्यामुळे सर्व्हरवरचा भारही फार वाढला असावा, अशी शंका आहे.

डीएचसीपी प्रॉक्सी हा यावरचा उपाय आहे असे एका स्नेह्याने सुचवले. राऊटरच्या पुस्तिकेत त्यावर जेमतेम पाच ओळी आहेत. रिले आणि प्रॉक्सी यांत नेमका फरक काय, तो कसा लावायचा आणि लावल्यावर काय बिघडू शकते, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

तंतुवाहक

आधी भाराची शंका बाजूला सारू. १० मिनिटांच्या लीजमध्ये उपकरण अर्धा वेळ झाल्यावर, म्हणजे ३०० सेकंदांनी, लीज वाढवून मागते. ६,००० भागिले ३०० म्हणजे सेकंदाला २० विनंत्या. कोणत्याही बऱ्या सर्व्हरला हा आकडा जाणवतसुद्धा नाही. तेव्हा प्रॉक्सी लावण्याचे कारण भार हे नाही. तुमचे खरे दुखणे असे आहे की लीजचा एकच आकडा तुम्हाला दोन परस्परविरोधी कामांसाठी वापरावा लागतो आहे. ग्राहक निघून गेला हे लवकर कळावे म्हणून तो लहान हवा, आणि सर्व्हर दिसेनासा झाला तरी ग्राहकाने तग धरावा म्हणून तो मोठा हवा. रिलेमध्ये हे दोन्ही एकाच वेळी साधत नाही.

आता फरक. रिले हा निरोप्या आहे. ग्राहकाकडून आलेली डिस्कव्हर ही 'पत्ता द्या' अशी सर्वांना उद्देशून दिलेली हाक तो उचलतो, पॅकेटमधल्या जीआयॲड्रेस या रकान्यात स्वतःचा पत्ता लिहितो, हवे असल्यास ऑप्शन ८२ मध्ये कोणत्या पोर्टवरून आले ते जोडतो आणि सर्व्हरकडे पाठवतो. उत्तर आले की ते ग्राहकाला देतो. त्या उत्तरात ऑप्शन ५४ असतो, म्हणजे 'मी कोण सर्व्हर' याची ओळख. रिले त्याला हात लावत नाही, त्यामुळे तिथे पुण्याच्या सर्व्हरचाच पत्ता राहतो. म्हणून लीज वाढवायची वेळ झाली की ग्राहकाचे उपकरण थेट त्या पत्त्यावर विनंती धाडते आणि रिले म्हणून राऊटरचा तिथे काही संबंध उरत नाही. त्या विनंतीत जीआयॲड्रेस शून्य असतो आणि ऑप्शन ८२ ही नसतो. तुमच्या ग्राहकांच्या बाबतीत त्या दिवशी काय घडले ते आता मिनिटागणिक सांगता येईल : पाचव्या मिनिटाला सर्व्हरला थेट विनंती, उत्तर नाही, ८ मिनिटे ४५ सेकंदांनी, म्हणजे लीजचा सात-अष्टमांश काळ संपल्यावर, पुन्हा सर्वांना उद्देशून हाक, तिलाही उत्तर नाही, आणि दहाव्या मिनिटाला पत्ता खाली ठेवणे. उपकरणांनी आरएफसी २१३१ (डीएचसीपीचे नियम सांगणारा दस्तऐवज) तंतोतंत पाळला, बिचाऱ्यांची चूक काहीच नव्हती.

प्रॉक्सी हा निरोप्या नसून मुखत्यार आहे. ग्राहकाकडे तोंड करून तो स्वतःच सर्व्हर होतो : ऑप्शन ५४ मध्ये स्वतःचा पत्ता घालतो आणि ऑप्शन ५१ मध्ये, म्हणजे लीजच्या मुदतीत, स्वतःचा आकडा. सर्व्हरकडे तोंड करून मात्र तो ग्राहकाच्या वतीने बोलतो आणि तिथली मोठी मुदत स्वतःपाशी लिहून ठेवतो. एका ग्राहकामागे दोन लीज झाल्या : घराशी १० मिनिटांची, पुण्याशी २४ तासांची. ग्राहक दर पाच मिनिटांनी विचारतो आणि राऊटर जागच्या जागी 'हो' म्हणतो. सर्व्हरकडची मुदत अर्धी सरली असेल तेव्हाच तो पुण्याला विचारतो. तुमची केबल सर्वांत वाईट क्षणी तुटली, म्हणजे बारा तासांनी होणारी विचारपूस होण्याच्या अगदी आधी तुटली, तरी हातात १२ तास उरतात. तेवढ्यात केबल जोडून होते. आणि तुम्हाला भाराची हौसच असेल तर तोही आकडा देतो : दिवसाला १७ लाख २८ हजार विनंत्या जात होत्या, त्या जागी सुमारे १२ हजार जातील.

---

जुनेखोड

वरील विवेचन बरोबर आहे, पण मला मूळ प्रश्नच पटलेला नाही. ज्या गावात ६,००० ग्राहक आहेत त्या गावात डीएचसीपी सर्व्हर पुण्याला कशासाठी ठेवला? एक साधा संगणक खोलीत ठेवा, केआची जोडी लावा, एक इथे आणि एक तिथे, म्हणजे प्रॉक्सीचे ओझे राऊटरवर टाकावे लागणार नाही. राऊटरने पॅकेटे वाहावीत. कोणाची लीज किती वाजता संपते हे लक्षात ठेवण्याचे काम त्याला दिले की तो नुसता राऊटर राहत नाही, आणि तो बंद पडून पुन्हा सुरू झाला की काय विसरला हे शोधत बसावे लागते. या शेवटच्या मुद्द्यावर कोणी बोललेले नाही.

---

तंतुवाहक

दुसरा सर्व्हर गावात ठेवावा याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, तो प्रॉक्सी लावूनही ठेवावा. पण त्याने घाटमाथा यांचा अर्धाच प्रश्न सुटतो. पीपीपीओईमध्ये जोडणी जिवंत आहे की नाही हे दोन्ही बाजू सतत एकमेकींना विचारत असतात. थेट आयपीवर असे काहीच नसते. डबा भिंतीवरून काढून नेला तरी राऊटरला कळत नाही. तेव्हा जिवंतपणाची खूण म्हणून लहान लीज वापरणे हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे. राऊटरकडून ठरावीक वेळाने एआरपीची विचारणा ('हा पत्ता कोणाकडे आहे?') करणे हा दुसरा मार्ग आहे आणि अनेक राऊटरांत ती सोय असते, परंतु मला तो जोडीला ठेवायला आवडतो, मुख्य आधार म्हणून नव्हे. राऊटर विसरला तर काय, हा तुमचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर पुढे येतोच.

आता मांडणी. नावे कंपनीगणिक बदलतात. जुनिपरमध्ये डीएचसीपी-रिलेच्या ओव्हरराइड्स विभागात प्रॉक्सी-मोड असे चालू करायचे असते. सिस्कोच्या आयओएस-एक्सआरवर डीएचसीपीचे एक प्रोफाइल 'प्रॉक्सी' या जातीचे बनवतात, त्यात हेल्पर-ॲड्रेस म्हणून सर्व्हर देतात, ग्राहकाची मुदत सेकंदांत वेगळी लिहितात आणि ते प्रोफाइल इंटरफेसला चिकटवतात. नोकियाच्या सर्व्हिस राऊटरवर ग्रुप-इंटरफेसच्या डीएचसीपी विभागात प्रॉक्सी-सर्व्हर असा पोटविभाग आहे, त्यात एम्युलेटेड-सर्व्हर म्हणून ग्राहकाला दाखवायचा पत्ता आणि लीज-टाइम देऊन शेवटी तो चालू करावा लागतो. हे शेवटचे पाऊल विसरून तासभर डोके खाजवणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांतला एक मीच होतो.

उपकरण कोणतेही असो, मी पुढील क्रम पाळतो. ग्राहकांच्या बाजूला पत्त्यांचा एक मोठा पट्टा द्यावा. ६,००० ग्राहकांना १००.६४.०.०/१९ पुरतो, त्यात ८,१९० पत्ते वापरता येतात आणि १००.६४ पासूनचा हा भाग २०१२ पासून अशा सामायिक वापरासाठीच राखून ठेवलेला आहे. राऊटरचा पत्ता १००.६४.०.१. प्रॉक्सीने ग्राहकाला दाखवायचा सर्व्हर-पत्ताही हाच ठेवावा, कारण ग्राहकाच्या उपकरणाला तो हमखास पोहोचण्याजोगा असतो. जीआयॲड्रेस हाच पत्ता असेल तर सर्व्हर उत्तर त्याच पत्त्यावर पाठवतो, म्हणून पुण्याच्या सर्व्हरकडून या पत्त्याकडे परतीचा मार्ग आहे ना, हे प्रॉक्सी चालू करण्याआधी पिंग करून पाहावे, आणि पिंग करताना स्रोत म्हणून हाच पत्ता द्यावा. नुसता पिंग राऊटरच्या दुसऱ्याच पत्त्यावरून जातो, यशस्वी होतो आणि फसवतो. त्यानंतर एका इंटरफेसवर किती लीज धरून ठेवायच्या तो आकडा स्पष्टपणे लिहावा आणि तो ग्राहकसंख्येपेक्षा थोडा जास्त ठेवावा. सगळ्यात शेवटी मुदत.

आणि एकदम सगळीकडे लावू नका. एक ओएलटी घ्या, तीही तुमच्या खोलीजवळची.

---

रेडियसवाली

तंतुवाहक यांनी प्रॉक्सीचा एकच प्रकार सांगितला आहे, ज्यात मागे खरा डीएचसीपी सर्व्हर असतो. दुसऱ्या प्रकारात डीएचसीपी सर्व्हर नसतोच. डिस्कव्हर आली की राऊटर रेडियसला (ग्राहकाची ओळख तपासून मान्यता देणाऱ्या सर्व्हरला) विचारतो, रेडियस मान्यतेसोबत पत्ताच देते (गुणधर्म क्रमांक ८, किंवा पट्ट्याचे नाव असेल तर ८८) आणि राऊटर तो पत्ता डीएचसीपीच्या वेष्टनात घालून ग्राहकाला देतो. पैसे भरलेल्या-न भरलेल्यांचा हिशेब तुम्ही रेडियसमध्ये ठेवत असाल, तर एकाच ग्राहकाची माहिती दोन ठिकाणी सांभाळण्यापेक्षा हे बरे पडते. मी गेली काही वर्षे याच पद्धतीने काम करते.

ओळख कशाने पटवायची याचा मात्र आधी विचार करावा. मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) वापरला तर डबा बदलल्यावर ग्राहक अनोळखी होतो, म्हणजे घाटमाथा यांचे जुने दुखणे दुसऱ्या दाराने परत येते. ओएलटीने ऑप्शन ८२ मध्ये घातलेली पोर्टची खूण वापरली तर ओळख घराची पटते, डब्याची नाही. मी तीच वापरते.

पीपीपीओईवरून आलेल्यांचा आणखी एक गोंधळ होतो, तो सांगून ठेवते. पीपीपीओईमध्ये थकबाकीदाराची जोडणी तोडली की त्याच्या डब्याला लगेच कळते. थेट आयपीवर राऊटरने नोंद पुसली तरी डब्याला काहीच कळत नाही, त्याच्या दृष्टीने लीज अजून जिवंत असते. ग्राहकाने पैसे भरल्यानंतरही तो पुढच्या नूतनीकरणापर्यंत तसाच अडकून राहतो आणि 'पैसे घेता आणि नेट देत नाही' हे ऐकावे लागते. सर्व्हरने ग्राहकाला 'आत्ताच्या आत्ता पुन्हा विचार' असे सांगण्याची सोय कागदावर आहे, फोर्सरिन्यू म्हणून, परंतु घरगुती डब्यांच्या भरवशावर ती वापरता येत नाही. म्हणून थकबाकीदाराची नोंद पुसू नये. रेडियसच्या सीओए निरोपाने (चालू जोडणीचे नियम बदलणारा निरोप), जो ३७९९ या पोर्टवर येतो, त्याचे प्रोफाइल बदलावे आणि फक्त पैसे भरण्याचे पान उघडे ठेवावे. पैसे आले की उलटा निरोप. पत्ता बदलत नाही, डबा बंद-चालू करावा लागत नाही.

---

घाटमाथा

सर्वांचे आभार. जुनेखोड यांचा सल्ला मानून गावात दुसरा सर्व्हर ठेवण्याचे ठरवले आहे, त्याची खरेदी चालू आहे. दरम्यान काल रात्री बाजारपेठेतली ओएलटी, सुमारे ७०० ग्राहक, प्रॉक्सीवर घेतली. राऊटर कोणत्या कंपनीचा ते मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे लिहितो आहे त्यात चूक आमची असण्याची शक्यता अधिक.

एकालाही पत्ता मिळाला नाही. राऊटरवर डिस्कव्हर येताना दिसतात, सर्व्हरकडे एकही जात नाही. साधा रिले लावला तरी आता तेच होते आहे. एकच बदल झालेला आहे : रेडियसवाली ताईंचे वाचून ओएलटीवर ऑप्शन ८२ घालण्याची सोय त्याच रात्री चालू केली होती. रात्री दोन वाजता सर्व काही पूर्ववत केले.

---

पॅकेटपारखी

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. ऑप्शन ८२ ची व्याख्या करणाऱ्या आरएफसी ३०४६ मध्ये (जानेवारी २००१) स्पष्ट नियम आहे : अविश्वासू बाजूने आलेल्या पॅकेटमध्ये जीआयॲड्रेस शून्य असेल आणि ऑप्शन ८२ मात्र आधीच असेल, तर रिलेने ते टाकून द्यावे आणि चुकांचा आकडा एकने वाढवावा. नियमामागचा विचार सरळ आहे, घरातल्या कोणीही शेजाऱ्याच्या पोर्टची खूण स्वतःच्या पॅकेटात घालून पाठवू नये. ओएलटी मात्र नेमके तेच करते, खूण घालते आणि जीआयॲड्रेस शून्यच ठेवते, आणि राऊटरला ती लबाड ग्राहकासारखी दिसते. तो इंटरफेस 'विश्वासू' आहे असे राऊटरला सांगा. डीएचसीपीची आकडेवारी उघडून टाकून दिलेल्या पॅकेटांचा रकाना पाहा, ७०० घरांच्या हाका त्यात जमा झालेल्या असतील.

विश्वासू ठरवण्याआधी ओएलटी ग्राहकाकडून आलेला ऑप्शन ८२ पुसून स्वतःचा घालते ना, याची खात्री एका घरी लॅपटॉप लावून करून घ्या. तसे नसेल तर विश्वास टाकण्यात अर्थ नाही.

आणि पुढच्या वेळी पॅकेटे पकडून ठेवा, वर्णनावरून निदान करणे म्हणजे फोनवरून नाडी पाहणे.

---

घाटमाथा

पॅकेटपारखी यांचे निदान अचूक निघाले. टाकून दिलेल्या पॅकेटांचा आकडा चाळीस हजारांच्या पुढे गेलेला होता. इंटरफेस विश्वासू ठरवताच पत्ते मिळू लागले. लॅपटॉपची परीक्षाही केली, ओएलटी बाहेरून आलेली खूण पुसते.

पण आता नवीनच. ७०० पैकी साठ-पासष्ट घरांत दर दहा मिनिटांनी नेट क्षणभर जाते आणि येते. बाकीच्यांना काहीही त्रास नाही. ज्यांना त्रास आहे त्यांच्याकडे वाय-फायचे डबे बहुतेक दोनच प्रकारचे आहेत. ग्राहकांचे डबे बदलायला लावणे आम्हाला परवडणारे नाही.

यावेळी पॅकेटे पकडली आहेत. ग्राहकाकडे जाणाऱ्या ॲकमध्ये (पत्ता दिल्याच्या होकारात) सोळाच्या पायात हे दिसते : ३६ ०४ ६४ ४० ०० ०१ आणि ३३ ०४ ०० ०० ०२ ५८. सर्व्हरकडून राऊटरला आलेल्या ॲकमध्ये ३३ ०४ ०० ०१ ५१ ८० असे आहे. हे बरोबर आहे ना?

---

पॅकेटपारखी

तेवढे अगदी बरोबर आहे. नव्या वाचकांसाठी उकलून सांगतो. ३६ म्हणजे दशमानात ५४, सर्व्हरची ओळख. ०४ ही लांबी. पुढच्या चार जोड्या म्हणजे १००.६४.०.१, म्हणजे राऊटरने स्वतःचा पत्ता घातला. ३३ म्हणजे ५१, लीजची मुदत. ०२ ५८ म्हणजे ६०० सेकंद. सर्व्हरकडच्या बाजूला ०१ ५१ ८० म्हणजे ८६,४०० सेकंद, एक दिवस. मुदत दुभंगलेली स्पष्ट दिसते, प्रॉक्सी आपले काम करतो आहे.

आता त्याच पॅकेटमध्ये, ग्राहकाकडे जाणाऱ्या, ऑप्शन ५८ आणि ५९ आहेत का ते पाहा आणि असतील तर त्यांतले आकडे सांगा.

---

घाटमाथा

आहेत. ५८ मध्ये ४३,२०० आणि ५९ मध्ये ७५,६०० सेकंद. हे कुठून आले? आम्ही राऊटरवर असे काही लिहिलेले नाही.

---

पॅकेटपारखी

सर्व्हरवर लिहिलेले आहे. केआच्या मांडणीत नूतनीकरणाची आणि फेरजोडणीची वेळ तुम्ही २४ तासांच्या लीजला अनुसरून कधीतरी स्वतः दिलेली असणार. या वेळा ५८ आणि ५९ मधून येतात. तुमच्या राऊटरने ५१ बदलला, पण ५८ आणि ५९ तसेच पुढे ढकलले. म्हणजे ग्राहकाच्या डब्याला एकाच चिठ्ठीत दोन गोष्टी सांगितल्या गेल्या : पत्ता दहा मिनिटांसाठी तुझा आहे, आणि तो वाढवून मागायला बारा तासांनी ये.

शहाणे डबे हा विरोधाभास ओळखतात, ५८ कडे दुर्लक्ष करतात आणि ६०० च्या अर्ध्यावर विचारतात. ती तुमची सहाशेच्या वर घरे. उरलेले डबे आज्ञाधारक आहेत. ते बारा तासांची वाट पाहत बसतात, दहाव्या मिनिटाला लीज संपते, पत्ता खाली ठेवतात आणि पहिल्यापासून डिस्कव्हर सुरू करतात. सर्व्हरकडची लीज जिवंत असल्यामुळे त्यांना लगेच तोच पत्ता परत मिळतो, म्हणून व्यत्यय क्षणभराचाच राहतो. ग्राहकाला तो व्हिडिओ कॉलमध्ये जाणवतो, व्हॉट्सॲपवर जाणवत नाही, त्यामुळे प्रत्यक्ष त्रास असलेली घरे तक्रारींपेक्षा जास्त असतील असे समजा.

उपाय एका मिनिटाचा आहे. केआमधून त्या दोन वेळा काढून टाका. त्या स्पष्ट दिलेल्या नसतील तर केआ हे ऑप्शन पाठवतच नाही आणि प्रत्येक डबा स्वतःच अर्धा आणि सात-अष्टमांश काढतो. तुमच्या राऊटरमध्ये ५८ आणि ५९ स्वतः लिहिण्याची सोय असेल तर ३०० आणि ५२५ द्या, पण दोन ठिकाणी आकडे ठेवण्यापेक्षा काढून टाकलेले बरे.

---

जुनेखोड

मी म्हणालो होतो त्याचाच हा नमुना. मध्यस्थाने अर्धी चिठ्ठी बदलली आणि अर्धी तशीच ठेवली. आता माझा जुना प्रश्न परत विचारतो : हा राऊटर बंद पडून पुन्हा सुरू झाला तर?

---

तंतुवाहक

प्रश्न रास्त आहे आणि धाग्यातला सर्वांत महत्त्वाचाही आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

प्रॉक्सीमध्ये ग्राहकाचे अस्तित्व राऊटरच्या स्मृतीत असते. कोणाला कोणता पत्ता, कोणता मॅक, किती वेळ उरला, ही नोंद असेल तरच राऊटर त्याचे पॅकेट पुढे जाऊ देतो, कारण पत्ता चोरणाऱ्यांना अडवण्यासाठी तीच नोंद वापरली जाते. राऊटर पुन्हा सुरू झाला आणि नोंद पुसली गेली, तर ग्राहकाच्या डब्याकडे पत्ता असतो, वाय-फायचा दिवा लागलेला असतो आणि राऊटर मात्र त्याला ओळखत नाही. डबा लीज वाढवून मागायला येतो तेव्हा राऊटरने नकार दिला तर तो लगेच पहिल्यापासून सुरुवात करतो. राऊटर गप्प बसला तर मुदत संपेपर्यंत घर अंधारात. कोणता राऊटर नकार देतो आणि कोणता गप्प बसतो, हे प्रयोगशाळेत पाहिल्याशिवाय सांगू नये.

इथे लहान लीजच मदतीला येते. नोंद पूर्ण पुसली तरी सर्वांत वाईट स्थितीत १० मिनिटांत प्रत्येक डबा आपोआप परत येतो. हीच लीज ग्राहकाच्या बाजूनेही २४ तासांची असती, तर दुसऱ्या दिवशीपर्यंत फोन वाजत राहिले असते. शिवाय मोठ्या राऊटरांत ही नोंद फ्लॅश कार्डवर लिहून ठेवण्याची सोय असते, नोकियात तिला पर्सिस्टन्स म्हणतात. ती पहिल्याच दिवशी चालू करावी.

आणखी दोन गोष्टी. ग्राहकाची लहान लीज संपली की राऊटरने सर्व्हरला रिलीज (पत्ता सोडल्याचा निरोप) पाठवली पाहिजे. ती गेली नाही तर राऊटरच्या लेखी जागा मोकळी आणि सर्व्हरच्या लेखी २४ तास व्यापलेली, असा जमाखर्च जुळेनासा होतो. पत्त्यांचा पट्टा आवळलेला असेल तर हे फार लवकर कळते. आणि दुसरे, वीज गेल्यावर पूर्ण गाव एकाच क्षणी परत येते. डबे पहिल्या हाकेला उत्तर न मिळाल्यास ४, ८, १६ असे थांबत ६४ सेकंदांपर्यंत जातात आणि त्यात थोडे मागेपुढेही करतात, त्यामुळे पहिला लोंढा पसरतो. मात्र लीज ३०० सेकंदांपेक्षा खाली आणण्याच्या मोहात पडू नका, नाहीतर हा लोंढा पुरता पांगण्याआधीच दुसरा येतो.

---

रेडियसवाली

नोंदींवरून एक सूचना, कारण हे बहुतेक जण सर्वांत शेवटी पाहतात. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात आणि घड्याळे जुळवून ठेवावी लागतात. परवान्याच्या अटी त्याहून वेगळ्या आहेत, त्या आपापल्या पाहाव्यात. प्रॉक्सी लावल्यानंतर अमुक वेळी अमुक पत्ता कोणाकडे होता याचे खरे उत्तर डीएचसीपी सर्व्हरच्या नोंदवहीत राहत नाही. तिथे २४ तासांची लीज दिसेल, ग्राहक प्रत्यक्षात वीस मिनिटांत निघून गेलेला असेल. खरे उत्तर राऊटरच्या अकाउंटिंगमध्ये (जोडणी कधी सुरू झाली, कधी संपली याच्या नोंदींत) आहे, तेव्हा ते रेडियसकडे पाठवण्याची व्यवस्था आधी करावी आणि मग प्रॉक्सी चालू करावा.

आयपीव्ही६ साठी हा खटाटोप सहसा लागत नाही, तिथे ग्राहक नूतनीकरणाची हाकही गटालाच उद्देशून देतो, त्यामुळे ती रिलेच्या हातूनच जाते.

---

घाटमाथा

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व. केआमधल्या त्या दोन ओळी काढल्या त्या रात्रीपासून दहा मिनिटांची उचकी थांबली. नंतर रोज रात्री एक ओएलटी या हिशेबाने सर्व ग्राहक प्रॉक्सीवर आले. फ्लॅश कार्डवरची नोंद चालू आहे आणि जुनेखोड यांचे समाधान व्हावे म्हणून पहाटे चार वाजता राऊटर मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू केला. राऊटर उभा राहायला लागला तेवढाच वेळ सेवा बंद राहिली, एकाही घराने नव्याने डिस्कव्हर पाठवली नाही.

गेल्या मंगळवारी घाटात केबल पुन्हा तुटली. या वेळी पावसाने दरड आली होती. जोडणी व्हायला पावणेसात तास लागले. चालू असलेल्या ग्राहकांपैकी कोणाचाही फोन आला नाही. फोन आले ते त्या वेळात ज्यांनी डबा बदलला त्यांचे, दोन, आणि ज्या एका वाडीत वीज गेली होती तिथल्या अकरा जणांचे. डबा बंद-चालू झाल्यावर त्यांनी नव्याने पत्ता मागितला आणि आमचा राऊटर तसल्या प्रत्येक मागणीला पुण्याला विचारायला गेला, जरी त्याच घराची लीज त्याच्याकडे जिवंत होती.

गावातला दुसरा सर्व्हर पुढच्या आठवड्यात येतो आहे, तेव्हा हाही प्रश्न मिटेल. तोपर्यंत कोणाच्या राऊटरवर अशा वेळी स्वतःजवळच्या नोंदीवरून उत्तर देण्याची सोय असेल, तर तिचे नाव इथे लिहावे.